मागचे पाय लुळे पडलेला घरचा कुत्रा : गाडी, रोजची सेवा, माती आणि ठसा (कोकणातल्या हवेत; मंचावरचा धागा, प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

पडवी

आमचा कुत्रा खंड्या गेल्याला आज महिना झाला. साडेचार वर्षं त्याचे मागचे दोन्ही पाय लुळे होते. त्याच्याबद्दल लिहायला बसलं की आधी मापंच आठवतात. कमरेची रुंदी १६ सेंमी, जमिनीपासून गाडीच्या आडव्या नळीची उंची ३२, वजन १४ किलो, दिवसातून चार वेळा लघवी काढायची. तीच मापं आणि तीच कामं एका जागी लिहून ठेवावीत, म्हणून हा धागा. किनारपट्टीवर खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस, जांभ्याचं खळं आणि पाखाडीच्या पायऱ्या यांच्याशी गाठ असते. देशावर चालणारी युक्ती इथे पहिल्याच पावसात फसते.

जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. मागच्या पायांच्या जागी लावायची त्याची दोन चाकांची गाडी दुसऱ्या गरजू कुत्र्याला द्यायची आहे, तर ती साफ कशी करावी आणि नव्या मापाला कशी बसवावी? पंजाचा ठसा मीठ-पिठाच्या गोळ्यात घेतला होता, तो मऊ पडून त्यावर बुरशी आली. टिकाऊ ठसा कशाचा होतो? आणि जिथे पुरलंय तिथे झाड लावायचं तर कधी आणि कोणतं?

रोजच्या सेवेबद्दलही सविस्तर लिहा. पुढच्या माणसाला रात्री अकरा वाजता गरज पडली तर सगळं इथेच सापडावं.

चिरेबंदी

गाडीपासून सुरुवात करतो. १२ ते १६ किलोच्या गावठी कुत्र्याला पाऊण इंची सीपीव्हीसी नळी पुरते. २० किलोच्या वर एक इंची घ्या. शेतीच्या पाण्याची पातळ राखाडी नळी घेऊ नका, ती वाकते. १० फुटांची एक नळी पुरून उरते. सोबत दोन एल्बो (काटकोनी जोड), चार टी (तीन तोंडांचे जोड), दोन टोप्या, सॉल्व्हेंट सिमेंटची लहान बाटली आणि १० मिमी जाडीचे चार इंची दोन बोल्ट.

माप घेताना कुत्र्याला कुणीतरी पोटाखालून टॉवेलने धरून पाठ सरळ राहील असं उभं करायचं. तीन मापं महत्त्वाची. खांद्यापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी, कमरेची सर्वांत रुंद जागा, आणि जमिनीपासून बरगडीच्या मध्यापर्यंतची उंची. दोन बाजूच्या नळ्यांमध्ये आतून कमरेपेक्षा ४ सेंमी जास्त जागा ठेवा, म्हणजे दोन्हीकडे दोन-दोन सेंमी. १६ च्या कमरेला २० सेंमी. यापेक्षा घट्ट केलं की मांडीला घासतं, सैल केलं की कुत्रा आत झुलतो.

उभ्या नळीची लांबी काढायची रीत : आडव्या नळीची उंची वजा चाकाची त्रिज्या. ३२ उंची आणि १० इंची (२५ सेंमी) चाक असेल तर ३२ वजा साडेबारा, म्हणजे साडेएकोणीस सेंमी. ही लांबी बोल्टच्या मध्यापासून आडव्या नळीच्या मध्यापर्यंतची आहे. टीच्या आत नळी किती जाते ते मोजून कापा, नाहीतर गाडी दीड-दोन सेंमीने चुकते.

दोन चाकांना जोडणारा एकच लांब आस टाकू नका. तो पोटाखाली येतो आणि लटकते पाय त्यावर आपटत राहतात. प्रत्येक चाकाला स्वतंत्र बोल्ट द्या आणि खालचा आडवा आधार पावलांच्या मागे ठेवा. बोल्टचं भोक नळीला पाडलं की काही दिवसांत ते लंबगोल होतं आणि चाक डुगडुगायला लागतं. उपाय सोपा आहे. उभ्या नळीच्या आत घट्ट बसेल अशी सागवानाची गोल काठी ठोकून मग भोक पाडायचं. नायलॉन वायसर असलेलं नट वापरा, साधं नट धक्क्यांनी सुटतं.

चाकांमधलं अंतर कमरेच्या दीडपट तरी हवं, नाहीतर वळताना गाडी कलंडते.

आता सर्वांत जास्त चुकणारी गोष्ट म्हणजे तोल. सगळं आधी कोरडं जोडा, कुत्रा आत ठेवा, आणि पुढच्या टोकाखाली एक बोट घाला. टोक जेमतेम बोटावर टेकलेलं वाटायला हवं. टोक वर उचललं जात असेल तर चाकं फार पुढे आली आहेत. खांद्यावर भार दाबत असेल तर चाकं फार मागे गेली आहेत. चाकांची जागा कुत्र्याच्या खुब्याच्या सांध्याखाली किंवा किंचित मागे येते. जागा ठरली की पेन्सिलने खूण करून मगच चिकटवा. अर्धा मिनिट दाबून धरा आणि पुढे २४ तास हात लावू नका. पावसाळ्यात जोडाची दोन्ही टोकं फडक्याने कोरडी करा, ओल राहिली की जोड पुढे झटक्याने निसटतो.

मांडवी

चिरेबंदी, बाजूच्या नळीवरची टी चिकटवूच नये असं माझं मत. अर्ध्या इंचाचे स्टीलचे दोन स्क्रू मारले की काम होतं आणि पुढे माप बदलता येतं. पायांत जोर नसलेल्या कुत्र्याच्या मांड्या वर्षभरात झिजतात, पुढचे खांदे मात्र भरतात. पहिलं माप सहा महिन्यांनी चुकीचं होतं.

खार्‍या हवेबद्दल : हार्डवेअरच्या दुकानात चकचकीत दिसणारे बोल्ट बहुतेक वेळा नुसते मुलामा दिलेले असतात, एका पावसात गंजतात. ३०४ नंबरचं स्टेनलेस मागा. समुद्र अगदी दाराशी असेल तर ३१६, ते खाऱ्या पाण्याला जास्त टिकतं. चाकात बेअरिंग घालायची असेल तर ६२०० नंबरची, दोन्ही बाजूंनी रबरी झाकण असलेली घ्या. तिचं आतलं भोक १० मिमीच असतं, बोल्ट बरोब्बर बसतो. उघडी बेअरिंग पुळणीतल्या वाळूने आठवड्यात करकरायला लागते.

किनाऱ्यावर न्यायचं तर ओहोटीच्या वेळी, ओल्या घट्ट वाळूवर. कोरड्या पुळणीत चाक रुततं आणि सगळा जोर कुत्र्याच्या पुढच्या खांद्यांवर येतो. घरी आल्यावर गोड्या पाण्याने चाकं धुऊन, पुसून, तेलाचा थेंब. रोज उन्हात गाडी ठेवू नका, नळी ठिसूळ होते. दोन हात ऑइल पेंट दिला तर बरी टिकते.

चिरेबंदी

मांडवी, स्क्रूचं पटलं. फक्त स्क्रूची टोकं नळीच्या आतच राहतील एवढे आखूड घ्यावेत, आणि डोकी बाहेरच्या बाजूला.

राहिलेली गोष्ट म्हणजे बैठक. जुन्या जीन्सचं दुहेरी कापड, पायांसाठी दोन भोकं, आणि कडांना एसीच्या नळीवर घालतात तो काळा फोम. भोकाची कड मांडीच्या आतल्या कातडीला लागते, जखम तिथूनच सुरू होते. बैठका दोन शिवा. पावसात एक वाळेपर्यंत दुसरी लागते. नराची बैठक शिवताना मधली पट्टी अरुंद ठेवा, लघवीची जागा मोकळी राहिली पाहिजे.

पहिले चार दिवस पाच-दहा मिनिटं. पुढे एका वेळी अर्ध्या तासापर्यंत, दिवसातून दोन-तीनदा. गाडीत कुत्र्याला बसता-झोपता येत नाही, म्हणून एकटं सोडायचं नाही. उतारावर गाडी मागून ढकलते, त्यासाठी मागच्या दांडीला दोरी बांधून हातात धरा. पाखाडीच्या पायऱ्यांवर गाडी नकोच, उचलून न्या.

शेवंती

गाडी दिसते म्हणून सगळे गाडीबद्दल विचारतात. असा कुत्रा जगतो की जात राहतो, ते बहुतेक वेळा लघवीवर ठरतं. म्हणून हे लांब लिहिते.

कण्याला मार बसला की मूत्राशय आपणहून रिकामं होत नाही. थेंब-थेंब गळतंय म्हणजे लघवी होतेय, असं घरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात पिशवी तुडुंब भरून वरचं तेवढं सांडत असतं. आत साचलेल्या लघवीत जंतू वाढतात, ते मूत्रपिंडापर्यंत जातात. त्यामुळे दिवसातून तीन-चार वेळा, साधारण सहा-सहा तासांनी, हाताने रिकामं करायचं.

हिशेब असा : निरोगी कुत्र्याला दर किलोमागे तासाला १ ते २ मिली लघवी होते. १४ किलोच्या कुत्र्याला सहा तासांत ८४ ते १६८ मिली. पहिले पंधरा दिवस मापाच्या भांड्यात धरून वहीत लिहा. आकडा एकदम खाली आला तर पिशवी पुरती रिकामी होत नाही किंवा पाणी कमी पोचतंय.

रीत : कुत्र्याला उभा धरा किंवा उजव्या कुशीवर निजवा. दोन्ही तळहात पोटाच्या दोन्ही बाजूंना, मागच्या मांड्यांच्या लगेच पुढे. बोटं सपाट ठेवा, टोकं रुतवू नका. हळूहळू दोन्ही हात जवळ आणले की मध्ये पाण्याच्या फुग्यासारखं, मोसंबीएवढं गोल लागतं. ते सापडलं की सावकाश, एकसारखा दाब, दिशा शेपटीकडे. धार सुरू झाली की तोच दाब कायम ठेवा. सोडून पुन्हा झटके दिले की आतला स्नायू आवळतो. शेवटी हाताला लिंबाएवढं किंवा त्याहून कमी लागलं म्हणजे झालं.

दोन प्रकार असतात. काहींची पिशवी सैल असते, हात लावताच येते, पण सारखी गळते. काहींची ताठ असते, दाबूनही येत नाही. ताठ असेल तर जोर लावू नका, फाटू शकते. अशांना स्नायू सैल करणारं औषध डॉक्टर देतात आणि मग हाताने येतं. पहिल्यांदा हे डॉक्टरांच्या समोर, त्यांचा हात आपल्या हातावर ठेवून शिकायचं. वाचून कळतं, हाताला कळायला दोन-तीन वेळा लागतात.

लघवी गढूळ, उग्र वासाची, लालसर दिसली किंवा कुत्रा अंगाने तापला तर त्याच दिवशी दवाखाना. बारा तास काहीच बाहेर आलं नाही आणि पोट कडक लागतंय, तर रात्र असली तरी थांबू नका.

शी साठी : जेवणानंतर अर्ध्या तासाने कोमट पाण्यात भिजवलेला कापूस गुदद्वाराभोवती हलकेच फिरवा. बहुतेकांना त्याने होते. वेळ ठरून गेली की अंथरूण कोरडं राहतं.

रानवारा

मध्येच एक फार गरजेचं. कुत्र्याचे मागचे पाय अचानक गेले आणि अपघात झालेला कुणी पाहिला नसेल, तर सेवा सुरू करण्याआधी रेबीजचा विचार झालाच पाहिजे. पिसाळलेला म्हणजे चावत सुटलेला, एवढंच चित्र लोकांच्या डोक्यात असतं. रेबीजचा एक प्रकार मुका असतो. खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज बदलतो, गिळता येत नाही, मागून लुळेपणा पुढे सरकतो. ‘घशात हाड अडकलंय’ म्हणून माणूस तोंडात हात घालतो, आणि तिथेच घात होतो. लस न दिलेल्या कुत्र्यात अशी लक्षणं दिसली तर तोंडाजवळ हात नको, लगेच पशुवैद्यकांना कळवा.

लाळ जखमेला लागली असेल किंवा ओरखडा आला असेल तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात इंजेक्शन सुरू करा. हळद, चुना, तंबाखू काही भरू नका.

मणक्याची गादी सरकणं, डिस्टेंपर या विषाणूजन्य आजारानंतरचा अशक्तपणा, गोचीडताप, सर्पदंश यांनीही पाय जातात. प्रत्येकाचा उपाय वेगळा, त्यामुळे कारण न शोधता मालिश करत बसू नये. मणक्याला मार असेल तर पहिले काही तास फार मोलाचे असतात. रुंद फळीवर किंवा सुपासारख्या टणक वस्तूवर सरकवून, बांधून न्या. दोन पाय धरून उचलू नका.

शेवंती

रानवारांशी पूर्ण सहमत. आणखी एक भर. बोट चिमटल्यावर पाय आत ओढला म्हणजे संवेदना आहे, असं होत नाही, ती कण्यातल्या कण्यात होणारी प्रतिक्रिया असते. कुत्र्याने मान वळवून पाहिलं, कण्हला, तर दुखणं मेंदूपर्यंत पोचतंय. डॉक्टर हेच पाहतात.

माणसांच्या वेदनाशामक गोळ्या घरात असतात म्हणून देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या पोटाला व्रण पाडतात आणि मूत्रपिंड निकामी करतात.

सुरंगीचा वळेसर

पावसाळ्यातल्या कातडीबद्दल लिहिते.

लुळ्या भागाला दुखत नाही, हाच मोठा धोका आहे. मुंग्या चावल्या तरी कुत्रा हलत नाही. शेडनेटची खाट करा. दीड इंची नळीची चौकट, त्यावर आंब्याच्या रोपांवर घालतात ती हिरवी जाळी दुहेरी ताणून बांधायची. लघवी खाली गळून जाते, वारा खालून लागतो, जाळी नळाखाली धुतली की तासाभरात वाळते. वर एकच सुती साडीची घडी. खाटेचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले की मुंग्या चढत नाहीत. पाणी दोन-तीन दिवसांनी बदला, नाहीतर डास होतात. काथ्याची गादी नको, टोचते आणि वास धरते. गोधडी मे महिन्यापर्यंतच, जूनमध्ये ती आतून कधीच वाळत नाही.

खुबा, ढोपर आणि मागच्या पायाची टाच या तीन जागी हाडावर कातडी पातळ असते. दर तीन-चार तासांनी कूस बदलली नाही तर तिथे आधी केस जातात, मग लाली, मग भोक. लाली दिसताच भार बंद. जखम झालीच तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ विरघळवून त्याने धुवायची, कोरडी टिपायची. पोव्हिडोन आयोडीन लावायचं तर पाण्यात फिक्या चहाच्या रंगाएवढं पातळ करून. फिनेल, डेटॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड उघड्या मांसावर नको. लादी फिनेलने पुसली असेल तर पूर्ण सुकल्याशिवाय कुत्र्याला खाली ठेवू नका, ओल्या पोटाची कातडी भाजते.

लघवीने चुरचुरलेल्या कातडीला कोमट पाणी, कोरडं पुसणं आणि खोबरेल तेलाचा पातळ हात पुरतो. लहान बाळांच्या लंगोटाची पांढरी क्रीम लावू नका. त्यात झिंक ऑक्साइड असतं, चाटून पोटात गेलं की विषारी.

अळ्या. ओल्या, वास येणाऱ्या जागेवर माशीने सकाळी अंडी घातली तर दुसऱ्या दिवशी अळ्या दिसतात. जूनआधी शेपटीखालचे आणि मांड्यांमागचे केस कात्रीने बारीक करा. रोज दोनदा उजेडात ती जागा पाहा. तांदळाच्या कणीसारखे पांढरे पुंजके दिसले तर तीच अंडी, बारीक फणीने काढून टाका. अळ्या आत शिरल्या असतील तर डॉक्टरांकडे. रॉकेल-पेट्रोल ओतल्याने अळ्या मरतात, पण मांसही जळतं.

गोचीड : जिथे संवेदना नाही तिथे कुत्रा चाटत-खाजवत नाही, म्हणून गोचीड नेमक्या तिथे जमतात. बोटांच्या बेचक्यात, जांघेत, शेपटीच्या बुडाशी बोटं फिरवून शोधा.

पाणंद

सुरंगी ताई, पावलांचं राहिलं. जांभ्यावर लुळा पाय उलटा घासतो, बोटांची वरची बाजू सोलून निघते. गाडीत असताना पाय मागच्या दांडीला मऊ पट्टीने अडकवून वर ठेवा. गाडीबाहेर सुती मोजा आणि त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा. पट्टी आणि पाय यांत एक बोट सहज गेलं पाहिजे. दर दोन तासांनी काढून पाहा, सूज आली तरी कुत्रा सांगणार नाही.

म्हातारबाव

पुरूच्याबद्दल सांगतंय. खड्डो गुडघ्याएवढो खणलास तर कोलो उकरतलोच. कमरेच्या वर होयो. अंगावर तीन फूट तरी माती येवक होई. प्लास्टिकात गुंडाळू नको, सुती लुगडा नायतर गोणपाट. मीठ घालूक नको, चुनो घालूक नको. माती दाबून वर करवंदीचे काटे, त्येच्यावर चिरे. पावसात माती खचता, तेव्हा वर ईतभर उंच ढीग ठेव. आणि इहिरीपासून लांब.

रानवारा

बावांनी सांगितलेलं सगळं नेमकं आहे. थोडी कारणं जोडतो.

मीठ मातीत उतरून आसपासच्या झाडांची मुळं मारतं. चुन्याने लवकर कुजतं हा समज चुकीचा आहे, उलट चुना कुजणं लांबवतो. विहिरीपासून ३० मीटर तरी अंतर ठेवा, आणि विहिरीच्या वरच्या अंगाला नको. किनाऱ्यालगत पावसात पाणी फुटा-दोन फुटांवर येतं, अशा जागी खड्डा भरतो. थोडी उंचवट्याची जागा शोधावी. सड्यावर (कातळाच्या पठारावर) कातळ वीतभर मातीखाली लागतो, तिथे खणण्याचा हट्ट न करता खालच्या परसात जागा पाहावी.

डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन शांत केलं असेल तर खोल पुरणं आणखी गरजेचं आहे. गुंगीचं ते औषध शरीरात तसंच राहतं. उकरून खाणारा कोल्हा, भटका कुत्रा किंवा गिधाड त्याने मरतं. म्हसळ्याजवळ चिरगावला गिधाडांची वसाहत जपली जाते, तिकडच्या लोकांनी हे खास लक्षात ठेवावं. गुरांसाठीचं डायक्लोफेनॅक २००६ मध्ये बंद झालं ते औषध दिलेलं मेलेलं गुरू खाऊन मरणाऱ्या गिधाडांपायीच, आणि २०२३ मध्ये केटोप्रोफेन व अ‍ॅसिक्लोफेनॅकवरही जनावरांसाठी बंदी आली. उघड्यावर टाकणं, खाडीत सोडणं हे त्यामुळेही नको.

रेबीजचा संशय असलेलं शरीर घरी पुरण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

मातीकाम

ठशाचं उत्तर देतो. मीठ-पिठाचा गोळा आपल्याकडे टिकणारच नाही. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, भट्टीत कितीही वाळवला तरी जुलैत घाम सुटतो. कोरड्या गावांत तो चालतो, इथे नाही.

प्लास्टर ऑफ पॅरिस घ्या. वजनाने दोन भाग प्लास्टर, एक भाग पाणी. पाण्यात प्लास्टर भुरभुरवा, प्लास्टरवर पाणी ओतू नका, गुठळ्या होतात. प्लास्टर थेट पंजावर कधीच ओतायचं नाही, घट्ट होताना ते तापतं आणि लुळ्या पायाला भाजलेलं कळत नाही. आधी कुंभाराकडची मळलेली माती दोन बोटं जाडीची थापून तिच्यात पंजा दाबायचा, मग त्या खोलगट ठशात प्लास्टर ओतायचं. तासाभराने माती सोडवा. पंज्याचा उठाव मिळतो. दोन आठवडे सावलीत वाळवून वर पारदर्शक वॉर्निशचे दोन हात. वॉर्निश ओलसर प्लास्टरवर दिलं तर पोपडे येतात, म्हणून हे काम मार्च-एप्रिलमध्ये करा.

मातीचाच ठसा भाजून हवा असेल तर तो वाळताना आणि भाजताना मिळून साधारण दहाव्या हिश्शाने लहान होतो, हे आधीच ठाऊक असू द्या. बारीक वाळू मिसळली तर तडा कमी जातो.

लुळ्या पावलाचा ठसा घेताना बोटं आपणहून पसरत नाहीत. तळव्याच्या मधल्या गादीखाली अंगठा ठेवून, वरून दोन बोटांनी हलकं दाबलं की पंजा उघडतो. नखं झिजत नाहीत म्हणून लांब असतात, आधी कापा, नाहीतर ठशात नुसत्या खाचा पडतात. पुढचा एक आणि मागचा एक, असे दोन घ्यावेत. भार घेऊन रुंद झालेला पुढचा पंजा आणि मऊ राहिलेला मागचा शेजारी ठेवले की ते कुत्रं कसं जगलं ते त्यांत दिसतं.

कुत्रा गेल्यावर ठसा घ्यायचा झाला तर दोन-तीन तासांच्या आत. पुढे अंग ताठतं.

सुरंगीचा वळेसर

पडवी, झाडाबद्दल. यंदा लावू नका. कुजताना मातीत अमोनिया साचतो, कोवळं मूळ जळतं, आणि माती खचत असल्याने रोप कलतं. एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या. पुढच्या जूनमध्ये, खड्ड्याच्या बरोबर वर न लावता दोन-तीन फूट बाजूला लावा. मुळं आपणहून तिकडे जातात.

खारा वारा थेट येत असेल तर उंडी किंवा बकुळ. आडोसा असेल तर सुरंगी, पण तिला फुलायला बरीच वर्षं लागतात, फुलते ती फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला. लवकर फूल हवं तर प्राजक्त. घरात दुसरा कुत्रा असेल तर कण्हेर नको, तिचं पानसुद्धा विषारी.

चिरेबंदी

नाव कोरायचं असेल तर जांभ्यावर कोरू नका. चिरा खाणीतून काढल्यावर हवेने टणक होतो, पण तो सच्छिद्र असतो, बारीक अक्षरांच्या कडा दोन-तीन पावसांत ढासळतात आणि शेवाळाने बुजतात. काळा दगड घ्या, अक्षर एक इंचाहून लहान नको, खोली तीन-चार मिमी तरी. दगड चिऱ्यांच्या ओट्यात चुन्या-सिमेंटात बसवा, सुटा ठेवला तर माती खचताना तोही कलतो.

आता गाडी देण्याबद्दल. फोम आणि बैठक टाकून द्या, ती नव्याने करायची. नळ्या, चाकं साबणाच्या पाण्याने घासून, मळ पूर्ण निघाल्यावर एक लिटर पाण्यात ३० मिली घरगुती ब्लीच घालून दहा मिनिटं ओली ठेवा, मग गोड्या पाण्याने धुऊन उन्हात एक दिवस. पार्व्होचा (कुत्र्यांच्या जुलाब-उलट्यांच्या आजाराचा) विषाणू वस्तूंवर महिनोन्‌महिने राहतो, नुसत्या साबणाने जात नाही. ब्लीच बोल्टलाही खातं, म्हणून बोल्ट आधी काढा आणि वेगळे पुसा. बेअरिंग बदलूनच द्या.

माप बदलताना चिकटलेला जोड सुटत नाही. जोडाच्या बाजूला कापून कपलर टाकायचा. लांबी वाढवणं सोपं, रुंदी वाढवायला मागची दांडी नवी. उंची कमी करायची तर उभी नळी कापण्यापेक्षा आठ इंची चाकं लावा, अडीच सेंमी आपोआप खाली येते.

पडवी

सगळ्यांचे मनापासून आभार. झाड पुढच्या जूनला, बकुळ ठरली. मातीकाम, पुढच्या पायाचा शाईचा ठसा कागदावर आहे. त्यावरून कुंभाराकडून उठाव करून घेता येईल का, ते जमेल तेव्हा सांगा.

गाडी तयार आहे, ती अशी : पाऊण इंची सीपीव्हीसी, बाजूच्या नळ्या ५० सेंमी, आतली रुंदी २०, आडव्या नळीची उंची ३२, दहा इंची भरीव चाकं, नव्या ६२०० बेअरिंग, ३१६ चे बोल्ट, टी स्क्रूवर असल्याने चाकं पुढे-मागे चार सेंमी सरकतात. बैठकीचा कागदी साचा सोबत बांधला आहे, कापड तुमच्या कुत्र्याच्या मांडीवर मोजून कापा. १२ ते १६ किलोच्या, पुढच्या पायांत जोर असलेल्या कुत्र्याला चालेल. पुढचे पाय कमजोर असतील तर ही नको, त्याला चार चाकांची लागते.

कंबर, लांबी, उंची आणि वजन ही चार मापं इथे लिहा. नर की मादी तेही. मागच्या दांडीवर ‘खंड्या’ असं रंगवलेलं आहे, ते तेवढं राहू द्या. तुमच्या कुत्र्याचं नाव त्याच्या शेजारी लिहायला जागा ठेवली आहे.

पाणंद

कंबर १५, लांबी ४७, उंची ३१, वजन साडेबारा. मादी, तीन वर्षांची, पुढचे पाय उत्तम. डॉक्टरांनी गाडीला हो म्हटलंय. बैठकीची मधली पट्टी मादीसाठी किती रुंद ठेवू?

चिरेबंदी

पाच सेंमी. शेपटीखाली मात्र दोन बोटं कापून मोकळं ठेवा. आणि बाजूच्या नळ्या पुढून तीन सेंमी कापा, नाहीतर वळताना टोकं खांद्याला लागतील. कापलेल्या टोकांवर टोप्या बसवायला विसरू नका.